स्लॅशरचा शिअर बोल्ट हवेत असतानाच का तुटतो?

शिवारफेरी

नमस्कार मंडळी. आठवडाभर एकाच गोष्टीने डोकं खाल्लंय, म्हणून इथे मांडतोय.

ट्रॅक्टर पीटीओवर (मागच्या अवजाराला ताकद देणारा फिरता शाफ्ट) साधारण ४० एचपी देणारा, सिंगल क्लचचा. मागे ५ फुटी रोटरी स्लॅशर, म्हणजे फिरत्या ब्लेडचं गवत कापायचं यंत्र, ५४० आरपीएमचा. गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट गोल गुळगुळीत आहे, त्याला आट्यांसारख्या खाचा नाहीत. त्यावर पीटीओ शाफ्टचा योक (टोकाचा दुबेळका तुकडा) बसतो आणि दोन्हींतून आरपार १२ मिमीचा शिअर बोल्ट जातो, जादा भार आला की बाकी मशीन वाचवायला आधी तुटणारा. बाकी काही सुरक्षा नाही, जादा भाराला घसरणारा स्लिप क्लच नाही.

तीन हंगाम काढले. हंगामात दोन-तीन बोल्ट तुटायचे, तेही खुंट किंवा दगड लागला की. यंदा एका आठवड्यात नऊ गेले. ब्लेड उतरवून पाहिली, दोन्ही सारख्या वजनाची आहेत, पिनवर मोकळी हलतात. खाली तार-दोरी काही गुंडाळलेली नाही. गिअरबॉक्समध्ये तेल बरोबर. पुढच्या सीलजवळ थोडी ओल दिसते, थेंब पडत नाही. मशीन बंद ठेवून हाताने फिरवलं तर कुठे अडकत नाही.

कोड्यात टाकणारी गोष्ट ही, की दाट गवतात बोल्ट तुटत नाही. तास संपलं, वळायला लिफ्टने स्लॅशर वीतभर उचललं, की "टक्" असा आवाज येतो आणि शाफ्ट नुसता फिरायला लागतो. ब्लेडवर त्या वेळी काडीचाही भार नसतो. नऊपैकी सहा तरी असे गेले.

आता १०.९ ग्रेडचा, म्हणजे जास्त कडक बोल्ट टाकावा का, असा विचार आहे. काम अर्धं राहिलंय आणि गवत बी धरायला लागलंय.

लोहकाम

१०.९ टाकू नका. आधी हे वाचा, मग ठरवा.

पीटीओवर ४० एचपी आणि ५४० आरपीएम म्हणजे शाफ्टवर साधारण ५२५ न्यूटन-मीटर पीळ. हा तुमचा रोजचा पूर्ण भार. १२ मिमी बोल्टचं छेदक्षेत्र ११३ चौरस मिमी, आणि तो योक-शाफ्टच्या सांध्यावर दोन ठिकाणी कातरला जातो. बोल्टची कातरण्याची ताकद त्याच्या ताणशक्तीच्या साधारण ६० टक्के धरतात. गिअरबॉक्सचा शाफ्ट ३८ मिमीचा धरला तर ४.६ ग्रेडचा बोल्ट सुमारे १,०३० न्यूटन-मीटरला तुटतो, म्हणजे पूर्ण भाराच्या जवळपास दुप्पट. अचानक बसणारे धक्के सोसायला एवढी सवड हवीच.

८.८ टाकला की हा आकडा २,०६० वर जातो. १०.९ टाकलात तर २,५७५. म्हणजे खुंटात ब्लेड अडकलं तरी बोल्ट तुटायच्या आधी पूर्ण भाराच्या पाचपट पीळ गिअरबॉक्सच्या दातांवर, क्रॉसवर (शाफ्टला वाकडं चालू देणारा सांधा) आणि ट्रॅक्टरच्या पीटीओवर जाणार. यातलं सगळ्यात कमजोर काय आहे ते तुम्हाला माहीत नाही. सध्या ते बोल्ट आहे, आणि तेच राहू द्या. तुमच्या मशीनच्या पुस्तकात जो ग्रेड लिहिलाय तोच. काही मशीनना ८.८ च दिलेला असतो, तिथे ८.८ बरोबर. ग्रेड बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो. ज्याच्या डोक्यावर काहीच नाही तो बोल्ट अंदाजाने वापरू नका.

मुरमाड

लोहकाम यांच्या म्हणण्याला माझा अनुभव जोडतो. मी हेच केलं होतं. सारखा बोल्ट बदलून वैतागलो होतो, पेटीत एक हाय-टेन्साइल होता, तो ठोकला. चार दिवस सुखाचे गेले. पाचव्या दिवशी गवतात झाकलेला जुना खुंट लागला. ट्रॅक्टर जागच्या जागी हबकला, बोल्ट शाबूत राहिला आणि गिअरबॉक्समधून चणे भरडल्यासारखा आवाज यायला लागला. उघडलं तर लहान गिअरचे दोन दात तळाच्या तेलात पडलेले, तिसऱ्याला चीर. बेअरिंगमध्ये लोखंडाचा कीस गेला तो वेगळाच. उरलेला हंगाम मशीन उभं राहिलं.

बोल्ट बदलायला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांचा कंटाळा मला फार महागात पडला.

पानापकड

शिवारफेरी, तुमच्या वर्णनात महत्त्वाचं वाक्य एकच आहे, "वळताना उचललं की तुटतो". बोल्ट कशाने तुटतो यापेक्षा केव्हा तुटतो हे आधी धरा, निम्मा शोध तिथेच लागतो. पीटीओ जोडताक्षणी तुटला तर फिरवणाऱ्याची घाई किंवा अडकलेलं ब्लेड. दाट गवतात तुटला तर वेग जास्त, कापणी फार खाली किंवा बोथट ब्लेड. भार नसताना हवेत तुटतो तेव्हा कारण गवतात नाही, शाफ्टच्या मांडणीत आहे.

तरी आधी सोपी कारणं काढून टाकू. एक, तुम्ही वापरताय त्या बोल्टना आटे कुठपर्यंत आहेत? डोक्यापर्यंत पूर्ण आटे असतील तर कातरण्याची जागा आट्यांत येते. १२ मिमीच्या बोल्टचं क्षेत्र तिथे ११३ वरून ८४ चौरस मिमीवर येतं, म्हणजे पाव ताकद आधीच गेली. शिवाय आट्याच्या खोबणीत चीर लवकर धरते. सांध्यावर साधी गोल दांडी आली पाहिजे, आटे बाहेर नटच्या बाजूला.

दुसरं, भोकं. योकचं आणि शाफ्टचं, दोन्ही. नवा बोल्ट घालून हाताने हलवून पाहा. खुळखुळत असेल तर प्रत्येक वेळी पीटीओ जोडताना बोल्टला हातोड्याचा फटका बसल्यासारखं होतं.

तिसरं, पीटीओ कसा जोडता? इंजिन कमी फेऱ्यांवर ठेवून क्लच हळू सोडायचा, ब्लेड फिरायला लागली की मग फेऱ्या वाढवायच्या.

शिवारफेरी

पानापकड, पहिल्याच प्रश्नात पकडलंत. यंदा आणलेला पूर्ण डबा डोक्यापर्यंत आट्यांचा निघाला. गेल्या वर्षीचे चार उरले होते ते अर्ध्या आट्यांचे, डोक्यावर ४.६. त्यातला एक घातला. दीड दिवस टिकला आणि पुन्हा वळणावरच तुटला. म्हणजे सुधारणा झाली, पण रोग तोच.

भोकं थोडी सैल वाटतात. पीटीओ मी हळूच जोडतो, तिथे माझी चूक नसावी.

तासगती

उचलताना तुटतोय म्हणजे क्रॉसचा कोन बघा. साध्या क्रॉसच्या सांध्यात शाफ्ट वाकडा चालला की पुढचा वेग एकसारखा राहत नाही, प्रत्येक फेरीत दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. १० अंशांवर हा फरक नगण्य असतो, दीड टक्का वर, दीड टक्का खाली. पण ३० अंशांवर ५४० आरपीएमचा वेग प्रत्येक फेरीत ४६८ ते ६२४ च्या दरम्यान हेलकावे खातो. जड ब्लेडना एवढ्या झटपट वेग बदलता येत नाही, मग तो सगळा झटका बोल्ट खातो. उचलल्यावर "गर्रगर्र" असा ठोक्याचा आवाज येतो तो यामुळेच.

शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे असले आणि नळीवरचे दोन्ही योक एका रेषेत असले, की एका सांध्याचा हेलकावा दुसरा पुसून टाकतो. ग्रीस मारायला शाफ्ट काढला होता का? परत घालताना चौकोनी नळी पाव फेरी फिरून बसली तर योक एकमेकांना काटकोनात येतात, आणि मग हेलकावे पुसले जाण्याऐवजी एकमेकांत मिसळतात. लिंबाच्या आकाराच्या नळीत असं चुकीचं बसणं अवघड असतं, चौकोनीत सहज होतं.

नवांकुर

मंडळी, मध्येच विचारतो, विषय जवळचा आहे. माझ्या स्लॅशरला शिअर बोल्ट नाही, स्लिप क्लच आहे. हंगामाच्या पहिल्याच दिवशी जळका वास आला आणि धूर निघाला. मी स्प्रिंगांचे नट आवळले, धूर थांबला. आता मात्र दाट गवताचा गठ्ठा आला की क्लच घसरत नाही, थेट इंजिनच बंद पडतं. आवळणं जास्त झालं का?

लोहकाम

नवांकुर, हो, आणि हे आजच दुरुस्त करा. इंजिन बंद पडलं म्हणजे ब्लेडचा सगळा धक्का वाटेतल्या प्रत्येक दाताने आणि क्रॉसने सोसला. तुमची स्प्रिंग बहुधा वेटोळ्याला वेटोळं टेकेपर्यंत दाबली गेली आहे. तशी टेकली की ती स्प्रिंग राहत नाही, नुसता लोखंडी ठोकळा होतो, आणि क्लच कायमचा जाम. याहून शिअर बोल्ट परवडला, तो निदान तुटतो तरी.

स्लिप क्लच दोन प्रकारे बिघडतो आणि दोन्हींचा उपाय उलटा आहे. सारखा घसरत असेल तर लायनिंग (प्लेटांमधलं घर्षणाचं अस्तर) झिजलंय, त्यावर ग्रीस-तेल गेलंय किंवा स्प्रिंग सैल आहे. कधीच घसरत नसेल तर जास्त आवळलाय, नाहीतर उभ्या-उभ्या गंजून प्लेटा लायनिंगला चिकटल्यात. महिनोन्‌महिने दमट हवेत पडून राहिलेला क्लच चिकटणारच, यात नवल नाही.

म्हणून हंगामाच्या सुरुवातीला तो मुद्दाम घसरवून मोकळा करायचा असतो. आधी प्रत्येक स्प्रिंगची लांबी व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा. मग सगळे नट सारखेच सैल करा, एका नटला दोन फेऱ्या तर सगळ्यांना दोन. बाहेरून प्लेटांच्या कडेवर खडूने किंवा छिन्नीच्या टोकाने एक आडवी रेघ मारा, सगळ्या प्लेटांवरून जाणारी. ट्रॅक्टर कमी फेऱ्यांवर ठेवून पीटीओ दोन-तीन सेकंदच जोडा आणि लगेच बंद करा. पूर्ण थांबलं, किल्ली काढली, की रेघ पाहा. प्रत्येक प्लेटवर तिचे तुकडे सरकलेले दिसले तर क्लच मोकळा झाला. एखाद्या जोडीत रेघ अखंड राहिली तर त्या दोन प्लेटा अजून चिकटलेल्याच आहेत, क्लच उघडून गंज घासावा लागेल. थंड झाल्यावर नट परत आवळा, पण पुस्तकात दिलेल्या स्प्रिंगच्या लांबीपर्यंतच. आवळताना हाताच्या जोरावर जाऊ नका, मापावर जा.

आणि काम करताना क्लच घसरला तर तो आपलं काम करतोय, हे समजून लगेच पीटीओ सोडा. काही सेकंदांपेक्षा जास्त घसरू दिलं की लायनिंग जळतं, काचेसारखं गुळगुळीत होतं आणि मग थोड्या भारालाही घसरायला लागतं.

शिवारफेरी

तासगती, तपासलं. माझी नळी लिंबाच्या आकाराची आहे आणि योक एका रेषेत आहेत. कोनही मोठा नाही. खाली चालताना गिअरबॉक्सचं टोक पीटीओपेक्षा खाली असतं, वीतभर उचललं की उलट शाफ्ट जवळजवळ सरळ होतो. गर्रगर्र आवाजही येत नाही. नुसतं "टक्", आणि संपलं.

म्हणजे कोन कमी होताना बोल्ट तुटतोय. हे मला आणखीच समजेना.

पानापकड

थांबा. शाफ्ट सरळ होताना तुटतो, हे तुम्ही आत्ता सांगितलंत ते फार मोलाचं आहे.

एक काम करा. नवा ४.६ चा बोल्ट, अर्ध्या आट्यांचा, घाला. घालताना डोक्यावर खुणेची रेघ मारा, शाफ्टच्या लांबीच्या दिशेने. पाच-सहा वळणं घ्या आणि तुटायच्या आधीच बोल्ट बाहेर काढा. सांध्याच्या दोन्ही जागी त्यावर पायरी पडलेली दिसेल. ती कुठल्या दिशेला आहे ते मला सांगा. पिळाने पडलेली पायरी शाफ्टच्या फिरण्याच्या दिशेला असते, म्हणजे तुमच्या रेघेला आडवी. तुटलेल्या तुकड्यावरून हे कळत नाही, कारण तुटल्यावर योक फिरतो आणि सगळं पुसून जातं.

शिवारफेरी

आत्ताच काढला. हातात घेऊन बसलोय.

सहा वळणांनंतर बोल्ट सरळ बाहेर येईना, पंचाने ठोकावा लागला. नखाने जाणवण्याइतकी पायरी आहे, दोन्ही जागी. फिरण्याच्या दिशेला अगदी पुसट चमक आहे, तेवढीच. पण खरी पायरी, जिच्यात नख अडकतं, ती रेघेच्या दिशेला आहे, शाफ्टच्या लांबीने. मधला भाग ट्रॅक्टरकडे राहिला आणि दोन्ही टोकं मागे गिअरबॉक्सकडे ढकललेली.

योकचं भोक पाहिलं. गोल राहिलेलं नाही, लांबट झालंय, तेही शाफ्टच्याच दिशेने.

पानापकड

मग तुमचा बोल्ट पिळाने तुटतच नाही, दाबाने कापला जातोय. योक शाफ्टवरून मागेपुढे ढकलला जातोय आणि त्याला अडवणारी वस्तू एकच, तो बोल्ट. गिअरबॉक्सचा शाफ्ट गुळगुळीत असल्यामुळे तुमच्या मशीनमध्ये पीळ आणि शाफ्टच्या लांबीने येणारा दाब दोन्ही बोल्टवरच येतात.

दाब येतो कुठून? शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत पूर्ण शिरून तळाला टेकतायत. पीटीओ आणि गिअरबॉक्स सरळ रेषेत आले की दोन्हींतलं अंतर साधारण सर्वात कमी होतं. वर उचलला किंवा खाली सोडला की अंतर वाढतं. तुम्ही वळताना नेमकं त्या सर्वात कमी अंतरातून जाताय. नळीला आत जायला जागा उरली नाही की लिफ्टचा सगळा जोर शाफ्टच्या टोकावर येतो. सरळ व्हायला आलेली बिजागरी दाबली की किती जोर तयार होतो ते आठवा, हा तसाच प्रकार आहे. प्रत्येक वळणाला बोल्ट थोडा थोडा कापला जातो आणि सहाव्या नाहीतर विसाव्या वळणाला सुटतो.

पुढच्या सीलजवळची ओलही आता मला त्यातलीच वाटते. तोच दाब गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आणि सीलवरही बसतोय. दुसऱ्या टोकाला तुमच्या ट्रॅक्टरच्या पीटीओ बेअरिंगवर.

आता सांगा, यंदा लांबीत काय बदललं? तीन हंगाम हाच शाफ्ट चालला म्हणालात.

शिवारफेरी

ओव्हररनिंग क्लच.

हे लिहायचं मला सुचलंच नाही, कारण त्याचा बोल्टशी संबंध असेल असं वाटलं नव्हतं. ट्रॅक्टर सिंगल क्लचचा, त्यामुळे क्लच दाबला तरी फिरणारी जड ब्लेडच शाफ्टमधून ट्रॅक्टरला पुढे रेटायची. एकदा कुंपणाच्या अगदी जवळ जाऊन थांबलो होतो. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला पीटीओवर ओव्हररनिंग क्लचचा तुकडा बसवून घेतला. रेटणं बंद झालं, मी निर्धास्त झालो. बसवणाऱ्याने शाफ्टच्या लांबीबद्दल काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आत्ता मोजला, जवळपास १० सेंटीमीटर लांबी वाढलीय.

तासगती

झालं तर. कोनाच्या मागे लागून मी भलतीकडेच नेत होतो. पानापकड, पायरीची दिशा बघायची ही गोष्ट मी लिहून ठेवतोय.

ओव्हररनिंग क्लच बसवलात ते उत्तमच केलंत, तो काढू नका. फक्त हे लक्षात असू द्या की त्याने जादा भारापासून काहीच संरक्षण मिळत नाही. तो एका दिशेला धरतो आणि दुसऱ्या दिशेला मोकळा सोडतो, इतकंच. शिअर बोल्ट तरीही हवाच.

लोहकाम

आता शाफ्ट कापावा लागेल. घाई न करता मोजा.

शाफ्ट काढा. लिफ्टने स्लॅशर अशा उंचीवर आणा की पीटीओचं टोक आणि गिअरबॉक्सचं टोक समोरासमोर एका पातळीत येतील, मग खाली भक्कम ठोकळे लावा. नुसत्या लिफ्टच्या भरवशावर मशीनजवळ वाकू नका. शाफ्टचे दोन भाग वेगळे करून एक ओव्हररनिंग क्लचच्या टोकाला आणि एक गिअरबॉक्सला लावा, शेजारी-शेजारी धरा. नळीचं टोक समोरच्या योकच्या खांद्याला टेकायच्या आधी किमान २५ मिमी मोकळी जागा राहिली पाहिजे. मी ४० ठेवतो, कारण खड्ड्यातून जाताना टॉप लिंक (अवजार धरणारा वरचा दांडा) हलते आणि मापात थोडा फरक पडतो.

जेवढं जास्त निघेल तेवढं आतली नळी, बाहेरची नळी आणि दोन्ही प्लॅस्टिकची कव्हरं, या चारही गोष्टी सारख्याच मापाने कापायच्या. मग कानशीने कडा आतून-बाहेरून साफ करायच्या, लोखंडाचा कीस पुसून काढायचा आणि नळीला ग्रीस लावायचं. कीस आत राहिला तर नळी सरकताना चावते आणि तळाला न टेकताही असाच दाब तयार होतो.

शेवटी उलटी तपासणी. स्लॅशर अगदी खाली सोडून आणि अगदी वर उचलून पाहायचं, पीटीओ बंद ठेवूनच. सर्वात लांब स्थितीतही नळ्या एकमेकींत निदान एक तृतीयांश लांबी तरी राहिल्या पाहिजेत. जास्त कापलात तर शाफ्ट चालता-चालता निसटेल, आणि ते बोल्ट तुटण्यापेक्षा फार वाईट.

हिरवळ

लोहकाम दादांनी कव्हरं कापायला सांगितलंय, त्यावर मला जोर द्यायचाय. कव्हर नळीत बसत नाही म्हणून काढून बाजूला टाकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ५४० आरपीएम म्हणजे सेकंदाला ९ फेऱ्या. ६० मिमी जाडीची उघडी नळी सेकंदाला जवळपास पावणेदोन मीटर कापड गुंडाळते. हात मागे घ्यायचा विचार मनात येईपर्यंत बाही संपलेली असते. माझ्या नात्यातल्या एका माणसाचा दंड असाच गेला. तो बोल्ट बदलायलाच वाकला होता, आणि ट्रॅक्टर "नुसता हळू चालू" होता.

बोल्ट बदलताना इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत उभं राहायचं. ओव्हररनिंग क्लच बसवल्यावर ब्लेड आधीपेक्षा जास्त वेळ फिरत राहतात, कारण त्यांना रोखायला आता इंजिन नसतं. शिवारफेरी, तुमच्या मशीनला हे आता लागू आहे.

शिवारफेरी

हिरवळताई, हे डोक्यात नव्हतं. आज घड्याळ लावून पाहिलं. आधी ब्लेड लगेच थांबायची, आता पीटीओ सोडल्यावर पाऊण मिनिट फिरत होती.

कालचं काम सांगतो. पातळीत आणून मोजलं तर मोकळी जागा शून्य. आतल्या नळीच्या टोकाला चकचकीत कडं पडलंय, जणू कोणी पॉलिश केलंय, आणि योकच्या खांद्यावर तस्संच दुसरं. इतके दिवस रोज ग्रीस मारत होतो, पण आत डोकावून कधी पाहिलं नव्हतं. चारही भाग ५० मिमीने कापले. खाली-वर करून पाहिलं, सर्वात लांब स्थितीतही नळ्या ३० सेंटीमीटरहून जास्त एकमेकींत राहतात.

आणखी एक सापडलं. बोल्ट काढून योक शाफ्टवर हाताने फिरवून पाहिला, तर हलेना. गंज आणि चावल्याच्या खुणा. पाइप लावून जोर केल्यावर फिरला.

आता प्रश्न लांबट भोकाचा. १४ मिमीचं नवं भोक पाडून मोठा बोल्ट टाकला तर चालेल?

लोहकाम

नाही चालणार. १२ चा १४ केला की क्षेत्र ३६ टक्क्यांनी वाढतं, आणि त्याच प्रमाणात तुटण्याचा पीळ. म्हणजे मागच्या दाराने तुम्ही पुन्हा कडक बोल्टच टाकला. योक बदला. शाफ्टचं भोक गोल असेल तर तेवढ्याने भागेल. तेही लांबट झालं असेल तर नव्वद अंश फिरवून १२ चंच नवं भोक पाडून मिळतं का ते चांगल्या लेथवाल्याला विचारा. शाफ्ट कडक केलेला असला तर हातातल्या ड्रिलने ते होणार नाही.

घट्ट योकबद्दल सांगितलंत ते बरं झालं. त्याकडे कोणी बघत नाही. शिअर बोल्ट तुटल्यावर योक शाफ्टवर मोकळा फिरला तरच संरक्षण मिळतं. गंजून चिकटलेला योक बोल्ट तुटला तरी शाफ्टला ओढत राहतो. नवा योक घालताना शाफ्ट बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या, ग्रीस लावा, आणि योकला निपल असेल तर दर वेळी दोन पंप. बोल्ट बदलाल तेव्हा आधी मोकळा योक एक फेरी हाताने फिरवून पाहायचा, मगच नवा बोल्ट.

नवांकुर

माझी स्प्रिंग खरंच टेकली होती, वेटोळ्यांमध्ये कागदही जाईना. सैल केली, रेघ मारली, तीन सेकंद जोडलं. चारपैकी तीन जागी रेघ सरकली, एका जागी अखंड. उघडलं तर त्या प्लेटवर लायनिंगचा पातळ थर चिकटून बसला होता. लायनिंग बदलतोय.

पानापकड

नवांकुर, नवं लायनिंग बसवल्यावर पहिल्या दिवशी एक-दोन तासांनी स्प्रिंगची लांबी पुन्हा मोजा. नवं लायनिंग थोडं दबून बसतं आणि माप बदलतं.

शिवारफेरी

नवा योक बसवला. शाफ्टचं भोक सुदैवाने गोलच होतं. चार दिवस झाले, साधारण दीडशे वळणं झाली असतील. काल एक बोल्ट तुटला. गवतात दगड होता, ब्लेडच्या टोकाला खाच पडलीय. तुटलेले तुकडे पाहिले, चेहरा सपाट आणि चकचकीत. योक हाताने फिरवून पाहिला, मोकळा फिरला. नवा ४.६ घातला आणि बारा मिनिटांत पुन्हा तासात होतो.

सीलजवळची ओल पुसून ठेवलीय. कालपासून पुन्हा आलेली नाही. आठवडाभर पाहून इथेच लिहीन.